रुपयाला किती जीबी?

पुण्यातल्या बऱ्याच घरांत संगणक सुरू करायची एक ठरलेली पद्धत आहे. बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं. आंघोळ, देवपूजा आणि पेपरचं पहिलं पान उरकून परत यावं, तर पडद्यावर नातवाचा फोटो आलेला असतो आणि त्या फोटोच्या बरोबर नाकावर एक निळं वर्तुळ गरगरत असतं. मग ब्राउझरवर क्लिक करायचं आणि चहा टाकायचा. या घरातल्या कोणालाही विचारा, संगणक कसा आहे? उत्तर येतं, "उत्तम. दहा-बारा वर्षं झाली, काही तक्रार नाही. जरा वेळ लागतो एवढंच."

हा 'जरा वेळ' कुठे जातो ते बघायचं तर टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडावी लागते. तीही उघडायला जरा वेळ लागतो. उघडल्यावर दिसतं, की प्रोसेसर ४ टक्क्यांवर निवांत आहे, मेमरी निम्मी रिकामी आहे आणि डिस्क १०० टक्के. सकाळी सात वाजता, कोणी काही काम सांगितलेलं नसताना १०० टक्के! पण घरातल्यांचं निदान आधीच झालेलं असतं: व्हायरस. त्यावर उपाय म्हणून अँटिव्हायरस घातला जातो. तो बिचारा एकेक फाइल तपासायला पुन्हा त्याच डिस्ककडे जातो, आणि आता आंघोळीच्या आधी दाढीही उरकता येऊ लागते.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही वस्तूची किंमत तिच्या एककाने भागल्याशिवाय त्यांना ती वस्तू दिसतच नाही. त्यांच्या घरचा संगणक २०१३ सालचा. डिस्क बदलायची असं ठरल्यावर काकांनी आलेल्या लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं आणि त्यावर हिशेब मांडला. एका बाजूला १ टीबीची हार्ड डिस्क, दुसऱ्या बाजूला २५६ जीबीची एसएसडी. दोन्हींचा भाव उन्नीस-बीस. खाली रेघ मारून त्यांनी निकाल लिहिला: हार्ड डिस्क, चौपट माल.

"एवढं सोपं गणित आहे," ते मला म्हणाले. "तुम्ही लोक एसएसडी एसएसडी करता. रुपयाला किती जीबी पडतात ते काढलंय का कधी?"

गणितात चूक नव्हती. काकांच्या गणितात कधीच चूक नसते, हाच त्यांच्याशी वाद घालण्यातला मोठा अडथळा आहे.

काकांचा भाचा हिंजवडीला असतो. हिंजवडीला असतो म्हणजे दिवसातले काही तास तिथे असतो, बाकीचे वाटेवर असतो. आणि वाटेवर असताना तो मोबाइलवर बेंचमार्कचे व्हिडिओ बघतो. त्याला जीबीशी काही देणंघेणं नाही. त्याचं एकच एकक, एमबी प्रति सेकंद. "मामा, हार्ड डिस्क दीडशे-दोनशेनं वाचते. साधी साटावाली एसएसडी साडेपाचशेनं. आणि एनव्हीएमई घेतली ना, चौथ्या पिढीची, तर सात हजार!" सात हजार म्हणताना त्याचे डोळे असे चमकले, की काकांनी नकळत खिशावर हात ठेवला.

"सात हजार एमबी सेकंदाला," काका सावकाश म्हणाले. "आणि उघडायचं काय?"

उघडायचं होतं विजेचं बिल. काकांच्या संगणकावर दिवसभरात जे काही उघडतं त्यात विजेचं बिल, मुदत ठेवींची एक्सेल शीट, एक पत्त्यांचा खेळ आणि अमेरिकेतल्या मुलीचा व्हिडिओ कॉल एवढंच असतं. एक्सेल शीट ४० केबीची आहे. ती सेकंदाला सात हजार एमबीच्या वेगाने वाचली काय आणि साडेपाचशेच्या काय, काकांचा चष्मा सापडेपर्यंत दोन्ही सारखंच.

म्हणजे मामा चुकीच्या आकड्याला धरून बसला होता आणि भाचाही चुकीच्याच. फक्त मामाचा आकडा स्वस्त होता. डिस्कच्या डब्यावर छापलेले दोन आकडे, किती मावतं आणि एका दमात किती वेगाने वाचता येतं, हे दोन्ही खरे असतात. पण निळं वर्तुळ या दोन्हींवर ठरत नाही. ते ठरतं तिसऱ्याच एका आकड्यावर, जो बहुतेक डब्यांवर छापतच नाहीत: मागितलेली वस्तू हाताला लागायला किती वेळ लागतो.

इथे जरा इतिहास सांगतो, कारण तो मजेशीर आहे. आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली १९५६ साली. वजन टनापेक्षा जास्त. आत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेऱ्या घेणाऱ्या. आणि एवढ्या कपाटात मावायचं किती, तर सुमारे पावणेचार एमबी. काकूंच्या भिशीच्या ग्रुपवर मंगळवारी सकाळी नऊपर्यंत जेवढे गणपती येतात, तेवढेही त्यात बसले नसते. त्या डिस्कसकट सगळी यंत्रणा महिना ३,२०० डॉलर भाड्याने मिळे. आज २० टीबीची डिस्क तळहातावर राहते. म्हणजे जागा वाढली ५० लाख पटींहून जास्त. डोळे फिरवणारी प्रगती आहे, वादच नाही. आता दुसरी बाजू बघा. त्या पहिल्या डिस्कला एखादी नोंद शोधायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आजच्या आपल्या घरगुती डिस्कला १२-१३ लागतात. म्हणजे शोधण्याचा वेग वाढला जेमतेम ५० पट.

जागा ५० लाख पट आणि शोध ५० पट. जगातल्या सगळ्या निळ्या वर्तुळांचं मूळ या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

असं का झालं, ते हार्ड डिस्क उघडून बघितली की समजतं. (मेलेली उघडा. जिवंत उघडलीत तर तीही मरेल.) झाकणाचे ते चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू काढले, लेबलाखाली लपवलेला एक जास्तीचा स्क्रू शिव्या देत शोधून काढला, की आत इतका स्वच्छ आरसा दिसतो की त्यात बघून भांग पाडावा. ती तबकडी. तिच्यावर एक बारीक दांडी, टोकाला दिसेल न दिसेल एवढं डोकं. तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची बाहेरची कड ताशी जवळपास १३० किलोमीटरने पळत असते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीला कारला १०० ची मर्यादा आहे, ती मोडून. आणि ते डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा एक केस त्या फटीच्या हजारो पट जाड. काही हजार रुपयांत इतकं अचाट यंत्र मिळतं आणि आपण ते टेबलाखाली पायाने ढकलतो, हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय.

पण यंत्र ते यंत्रच. मागितलेली नोंद जिथे असेल तिथपर्यंत दांडीला जावं लागतं. तिथे पोचल्यावर ती नोंद फिरत फिरत डोक्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर अर्ध्या फेरीला चार मिलिसेकंद जातात. लॅपटॉपमधल्या ५४०० च्या डिस्कवर साडेपाच. दांडी हलण्याचे आठ-नऊ त्यात मिळवा. असं करत करत डिस्क सेकंदाला सुमारे ८० ठिकाणी जाऊन येऊ शकते, जास्त नाही. आणि विंडोज सुरू होताना काय मागतं? इथली एक चिमूट, तिथली एक चिमूट, अशा हजारो बारीक फायली. ८,००० ठिकाणी जायचं असेल तर भागाकार करून बघा: १०० सेकंद. त्यात अँटिव्हायरस, अपडेट आणि प्रिंटरबरोबर फुकट आलेलं ते सॉफ्टवेअर आपापल्या यादीसह रांगेत उभे. झाली आंघोळ.

फेऱ्याच वाढवाव्यात असं लोकांना सुचलं नाही असं नाही. सीगेटने २००० साली मिनिटाला १५,००० फेऱ्यांची चीता नावाची डिस्क आणली. ती महाग होती, तापायची, आवाज करायची आणि सर्व्हरच्या खोलीतच शोभायची. अर्धी फेरी दोन मिलिसेकंदांवर आली. बाजारात त्यापुढे कोणी गेलं नाही. एसएसडीत मात्र फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप. तिला एखादी नोंद द्यायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी लागतो, आणि साधी स्वस्तातली साटावाली एसएसडीही सेकंदाला हजारो मागण्या भागवते. फरक पडतो तो इथे. साडेपाचशे आणि सात हजार यांतल्या फरकाने काकांचा संगणक सुरू व्हायला एक-दोन सेकंद इकडे-तिकडे होतील. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतल्या फरकाने आंघोळ वाचेल. म्हणजे आंघोळ करायची तर करावीच, पण निवांतपणे.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि असा प्रश्न विचारला, की मला आजही त्याचं धड उत्तर देता येत नाही. "मला कुठे ऑफिसला जायचंय?"

खरंच आहे. वेग विकणारे सगळे गृहीत धरतात की गिऱ्हाईकाच्या वेळेला भाव आहे. रोजची दहा मिनिटं म्हणजे वर्षाचे साठ तास, असं सांगितलं की हिंजवडीवाला दचकतो. निवृत्त माणूस म्हणतो, बरं, मग त्या साठ तासांत मी काय करू? आंघोळ तर करायचीच आहे. किंमत आणि कामगिरीचा तराजू म्हणतात तो सगळ्यांच्या घरी एकाच बाजूला झुकत नाही, एवढं मी मान्य केलं आणि गप्प बसलो.

काका हरले ते स्वतःच्याच बँकेपुढे. मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला ते नेटबँकिंगवर बसले. ओटीपी फोनवर आला. काकांनी तो मोठ्याने वाचला, काकूंनी उलट वाचून खात्री केली, आणि पडदा गोठला. डिस्क १०० टक्के. अँटिव्हायरसला नेमकं तेव्हाच घर तपासायची हुक्की आली होती. पडदा सुटला तेव्हा ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला. त्याचीही संपली. तिसऱ्या वेळी बँकेने काकांना संशयित ठरवून दिवसभरासाठी बाहेर काढलं. चाळीस वर्षांची सेवा आणि तिथल्याच दारात ही वागणूक!

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून काकूंनी निवाडा दिला. त्यांनी पाकिटावरचा हिशेब वाचला नव्हता, भाच्याचे व्हिडिओ तर नाहीच. त्या म्हणाल्या, "अहो, मिसळणाचा डबा कोणी माळ्यावर ठेवतं का? आणि गणपतीचं मखर ओट्यावर? रोज लागतं ते हाताशी ठेवा, वर्षाने लागतं ते टाका वर. माळा मोठा आहे म्हणून तिथे स्वयंपाक करायला निघालात तुम्ही."

संगणकशास्त्रात या विषयावर बरंच लिहिलेलं आहे. त्यातलं मला तरी याहून नेमकं काही आठवत नाही. विंडोज, ब्राउझर, रोजची कामं हे सगळं मिसळण. ते एसएसडीवर हवं, आणि त्याला २५६ जीबी किंवा फार तर ५१२ पुरतात. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, मुलीचा दहावीच्या गॅदरिंगमधला नाच, स्कॅन केलेले सातबारे हे मखर. ते एखाद्या वेळी उघडायचं आणि उघडलं की एका दमात बघायचं. त्याला हार्ड डिस्क झकास. व्हिडिओ बघायला सेकंदाला दीडशे एमबी म्हणजे चैन आहे.

यात भावाचीही एक गंमत आहे जी काकांच्या पाकिटावर नव्हती. हार्ड डिस्क कितीही छोटी घेतली तरी तिला एक मोटर, एक तबकडी, एक दांडी आणि एक पेटी लागतेच. म्हणून ५०० जीबीची डिस्क १ टीबीच्या निम्म्या भावात कधी मिळत नाही. थोडा फरक असतो इतकंच. एसएसडीत चिप कमी केल्या की भाव खरोखर उतरतो. त्यामुळे छोट्या मापात एसएसडी परवडते आणि मोठ्या मापात हार्ड डिस्क, मधे कुठेतरी दोघींची गाठ पडते. 'रुपयाला किती जीबी' या प्रश्नाचं उत्तर आपल्याला जीबी किती लागतात हे ठरल्याशिवाय देताच येत नाही. आणि काकांना ९० जीबी लागत होते. तेही मोजून, कचरापेटी धरून.

मग आम्ही तपकीर गल्लीत गेलो. काका, भाचा आणि मी.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: बुधवार पेठेतली ही गल्ली इलेक्ट्रॉनिक्सच्या मालाची. दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, रिमोट, पंखे, आणि मधूनमधून संगणकाच्या सुट्या भागांची दुकानं, ज्यांच्या काउंटरला दोन गिऱ्हाइकं टेकली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहून ओरडायचं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड सांगितला की कळेल.

"एसएसडी दाखवा," काका म्हणाले.

"कितीची देऊ काका? साटा की एनव्हीएमई?"

"एनव्हीएमई," भाचा म्हणाला.

"मशीन कुठलं आहे?"

"२०१३."

दुकानदाराने भाच्याकडे बघितलं. त्या नजरेत अनेक वर्षांचे अनेक भाचे होते. "एम-टू स्लॉट नसणार त्यावर. कुठे लावणार?" सात हजार एमबी प्रति सेकंद तिथल्या तिथे खाली आले. काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पैसे वाचल्याचं जास्त की भाचा गप्प झाल्याचं, हे मी ठरवू शकलो नाही.

मग खरी तपासणी सुरू झाली. काकांनी वाचलं होतं की एसएसडी लिहून लिहून झिजते. दुकानदाराने डबा फिरवून दाखवला: दीडशे टीबी लिहिण्यापर्यंतची हमी. काकांनी खिशातून पाकीट काढलं, तेच. रोज फार तर १० जीबी लिहिले जातील असं धरलं. दीडशे टीबीला १५,००० दिवस. म्हणजे ४१ वर्षं. "मी आता ७२," काका म्हणाले. "म्हणजे मी ११३ वर्षांचा होईन तेव्हा ही झिजेल." दुकानदार म्हणाला, "तेव्हा या, बदलून देतो."

आयुष्याचे आकडे हा या धंद्यातला सगळ्यात विनोदी भाग आहे. काही डिस्कच्या माहितीपत्रकात सरासरी १० लाख तासांनी एक बिघाड असं लिहिलेलं असतं. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं. आणि वॉरंटी दोन किंवा तीन वर्षांची! ११४ वर्षं टिकणाऱ्या वस्तूच्या चौथ्या वर्षाबद्दल कंपनीला खात्री का वाटत नाही, हा प्रश्न काकांनी विचारलाच. उत्तर असं आहे, की तो आकडा एका डिस्कचा नव्हेच. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यातल्या नऊएक बिघडतील, असा त्याचा अर्थ. बॅकब्लेझ नावाची अमेरिकी कंपनी आपल्या लाखो हार्ड डिस्कचा हिशेब २०१३ पासून नियमित जाहीर करते, त्यात हे प्रमाण बरेचदा वर्षाला शंभरात एक-दीड असं निघतं. उत्तमच आहे. फक्त आपल्या घरी शंभर डिस्क नसतात. एकच असते, आणि ती बिघडली तर शंभर टक्के बिघडते.

"आणि हे २५६ पूर्ण मिळणार ना?" काका.

नाही. तिथे दुकानदाराने पहिल्यांदा उसासा सोडला. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे २५६ चे पडद्यावर २३८ दिसतात आणि १ टीबीचे ९३१. मालात काही कमी नसतं; मापं दोन आहेत. पण १ टीबीमागे ६९ जीबी कमी दिसले की पुण्यातला माणूस ते हक्काने मागायला परत येतो. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार एका गिऱ्हाइकाने तेवढ्या जीबीचे पैसे बिलातून वजा करून मागितले होते. काकांनी आदराने विचारलं, "मिळाले का?"

बाकीच्या गोष्टी तिथे भराभर झाल्या. हार्ड डिस्कचे रंग: वेस्टर्न डिजिटलची निळी घरच्या संगणकाला, जांभळी सीसीटीव्हीला, लाल चोवीस तास चालणाऱ्या फायलींच्या पेटीला. जांभळी स्वस्त मिळते म्हणून संगणकाला लावू नका, ती कॅमेऱ्याचं सतत लिहिणं नजरेसमोर ठेवून बनवलेली असते. काही डिस्कमध्ये जागा वाचवायला माहितीचे पट्टे एकमेकांवर सरकवून लिहितात; त्या वाचायला ठीक, पण मोठं लिखाण आलं की अडखळतात, आणि डब्यावर ते ठळकपणे लिहिलेलं असतंच असं नाही. २०२० साली यावरून बरीच बोंबाबोंब झाली, तेव्हा कंपन्या कुठल्या मॉडेलात काय आहे ते नीट सांगू लागल्या. एसएसडी लावल्यावर डीफ्रॅग करायचं नाही. विंडोज ९८ च्या काळात ते रंगीत चौकोन सरकताना बघत बसणं ही अनेक घरांतली रविवारची करमणूक होती, ती संपली.

स्वस्ताई फार दिसली तर मात्र थांबावं. ऑनलाइन १६ टीबीची चिमुकली एसएसडी दोन हजारांत मिळते असं भाच्यालाच एकदा दिसलं होतं. तसल्या डब्यात एक किरकोळ मेमरी कार्ड असतं आणि ते संगणकाला 'मी १६ टीबीचं आहे' असं बेधडक सांगतं. जागा भरली की आधीच्या फायलींवरच पुढच्या लिहीत सुटतं. वजन यावं म्हणून आत नट-बोल्ट चिकटवलेलेही लोकांना सापडलेत. दुसरा प्रकार, वापरून काढलेल्या हार्ड डिस्क झाडूनपुसून नव्या म्हणून विकायच्या. त्याला औषध सोपं आहे: डिस्क किती तास चालली याची नोंद ती स्वतःजवळ ठेवते, आणि ती दाखवणारी क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी फुकट सॉफ्टवेअरं आहेत. नव्या डिस्कवर वीस हजार तास दिसले तर समजावं. तीही नोंद पुसणारे महाभाग आहेत म्हणा. पण मग बिल आहेच, १८ टक्के जीएसटीसकट. 'बिल नको असेल तर थोडे कमी करतो' या वाक्याने काकांसारख्या माणसाचंही मन क्षणभर हललं; वॉरंटीच्या दारात बिलच विचारतात हे आठवल्यावर जागेवर आलं.

तरी निघता निघता काका म्हणालेच, "थांबलो तर भाव अजून उतरेल का?"

हा प्रश्न म्हणजे संगणकाच्या बाजाराचा पिढीजात शत्रू. भाव उतरतो हे खरं. पण तो उतरणीवरच राहील असं कोणी कबूल केलेलं नाही. २०११ मध्ये थायलंडला महापूर आला, हार्ड डिस्क बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत जगभर डिस्कचे भाव दुपटीच्या घरात पोचले. दिवाळीत घेऊ म्हणून थांबलेले लोक पुढच्या दिवाळीपर्यंत थांबले. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप ओढायला सुरुवात केली तेव्हा एसएसडीचे भाव असेच फिरले. थांबणाऱ्याला बाजार कधीकधी बक्षीस देतो, पण निळं वर्तुळ मात्र रोज भाडं घेतं.

काकांनी २५६ ची घेतली. दुकानातल्या मुलाने जुन्या डिस्कवरून क्लोन करून दिली, म्हणजे नातवाच्या फोटोसकट जसंच्या तसं सगळं. संगणक आता बटण दाबल्यावर तीसेक सेकंदांत तयार असतो. पहिले काही दिवस काकांना ते आवडलं नाही. आंघोळीला जाऊन येईपर्यंत तो झोपी गेलेला असायचा.

एक विषय मात्र राहिला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या डिस्कवर फोटो होते. मी विचारलं, दुसरी प्रत? काका अभिमानाने म्हणाले, "आहे ना. सी ड्राइव्हवर आहेत आणि डी ड्राइव्हवरही." सी आणि डी ही एकाच तबकडीवर मारलेली रेघ आहे, हे महाराष्ट्रातल्या किती घरांना ठाऊक आहे कोण जाणे. 'जुना डेटा', 'जुना डेटा २', 'जुना डेटा फायनल' असे तीन फोल्डर, तिन्ही एकाच डिस्कवर; ती गेली की तिन्ही एकत्र जातात. हार्ड डिस्क निदान जाताना बरेचदा टकटक करून सांगते. एसएसडी काल होती आणि आज नाही. मग लोक डिस्क पिशवीत घालून फ्रीझरमध्ये मटारांच्या शेजारी ठेवतात, कोणीतरी सांगितलेलं असतं म्हणून. त्याने आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा जाते. डेटा काढून देणारे लोक आहेत, पण त्यांचं बिल डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतं, आणि तिथे रुपयाला किती जीबी हे कोणी विचारत नाही.

म्हणून घरी जुना संगणक रेंगाळत असेल तर नवा घेण्याआधी छोटी साटा एसएसडी लावून बघा. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. वाचलेल्या पैशांत एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या, सगळे फोटो तिच्यावर उतरवा आणि ती वेगळ्या कपाटात, जमलं तर बहिणीच्या घरी ठेवा. बिल घ्या. आणि तपकीर गल्लीत जाताना गाडी नेऊ नका. तिथे टीबी मिळतात, पार्किंग मिळत नाही.